सर्वांत खालच्या पायरीवरची चित्रे

२५ सप्टेंबर १७२८ या दिवशी पॅरिसच्या राजेशाही चित्र-शिल्प अकादमीने झाँ सिमेआँ शार्दां या अठ्ठावीस वर्षांच्या चित्रकाराला सभासद करून घेतले. अकादमीचा शिरस्ता असा, की इच्छुकाने आधी आपली काही कामे दाखवून उमेदवारी मिळवायची, मग प्रवेशासाठी म्हणून एक चित्र करून आणायचे, आणि ते पसंत पडले म्हणजे पूर्ण सभासदत्व. या दोन टप्प्यांमध्ये वर्षे जात. शार्दांने ते एकाच दिवशी पार केले. सरसकट कुणालाही मिळणारा हा मान नव्हता. पण त्या दिवशी नोंदवहीत त्याच्या नावापुढे जे लिहिले गेले, त्याने त्याची जागाही ठरून गेली. प्राणी आणि फळे रंगवण्यात निपुण, अशी ती नोंद होती. अकादमीच्या हिशेबात याचा अर्थ सरळ होता : आत या, आणि शेवटच्या पायरीवर बसा.

ती पायरी हाच या लेखाचा विषय आहे. भांडीकुंडी, फळे, मासळी, पाव, पाण्याचा पेला यांची चित्रे युरोपच्या कलाविचारात दीर्घकाळ सर्वांत हलकी मानली गेली. आपण ज्यांना स्थिरचित्रे म्हणतो ती हीच. या पायरीवर बसून एका माणसाने पन्नास वर्षे काम केले आणि वरच्या पायऱ्यांची थोरवी सांगणाऱ्यांना त्याच्या चित्रांपुढे शब्द अपुरे पडू लागले. हे कसे घडले, याच्या साक्षी त्याच्या समकालीनांनीच लिहून ठेवल्या आहेत.

शिडी आणि तिची कारणे

अकादमीची स्थापना १६४८ची. त्याआधी पॅरिसमधले चित्रकार इतर कारागिरांसारखेच एका जुन्या व्यवसाय-संघाचे सदस्य असत. चित्रकला हे हाताचे कसब नसून बुद्धीचे काम आहे, कवी आणि इतिहासकार यांच्या पंक्तीला चित्रकाराला बसता आले पाहिजे, हा अकादमीचा आग्रह होता. आग्रह समजण्यासारखा आहे. पण बुद्धीचे काम म्हटले की कुठल्या चित्राला बुद्धी जास्त लागते, हा प्रश्न आलाच.

अकादमीत १६६७ साली झालेल्या व्याख्यानांना आंद्रे फेलिबिआं याने प्रस्तावना लिहिली आणि तीत या प्रश्नाचे उत्तर पायऱ्यांनी मांडले. फळे, फुले आणि शंखशिंपले रंगवणारा सर्वांत खाली. निसर्गदृश्ये रंगवणारा त्याच्या वर. मेलेल्या आणि न हलणाऱ्या गोष्टींपेक्षा जिवंत प्राणी रंगवणारा अधिक मानाचा. मनुष्य ही देवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती, म्हणून माणसाची आकृती रंगवणारा त्याहून वरचा. एकट्यादुकट्या व्यक्तीच्या चित्रापेक्षा अनेक माणसांचा प्रसंग, म्हणजे इतिहास किंवा पुराणकथा, आणखी वर. आणि कथेच्या पडद्याआड थोर माणसांचे गुण सुचवणारे रूपकचित्र सर्वांच्या माथ्यावर. ही मांडणी केवळ कागदावर राहिली नाही. अकादमीत प्राध्यापक होण्याचा हक्क इतिहासचित्रे काढणाऱ्यांनाच होता. मानधन, राजाश्रय, मोठ्या भिंतींची कामे, सगळे त्याच क्रमाने वाटले जाई.

ही तुच्छता फेलिबिआंने शोधून काढलेली नव्हती. रोमन लेखक थोरला प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या पस्तिसाव्या खंडात पेइराइकोस नावाच्या ग्रीक चित्रकाराची हकीकत सांगतो. हा न्हाव्यांची आणि चांभारांची दुकाने, गाढवे, खाण्याचे जिन्नस असले विषय रंगवी. त्यावरून त्याला जे टोपणनाव पडले होते त्याचा अर्थ गलिच्छ गोष्टींचा चितारी असा होतो. पुढे प्लिनी जाता जाता आणखी एक गोष्ट नोंदवतो : याची लहान चित्रे इतरांच्या भव्य चित्रांहून अधिक किमतीला जात. म्हणजे नाक मुरडणे आणि नजर न हटणे, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून बरोबरीने चालत आल्या आहेत.

रोमन घरांच्या भिंतींवर अशी चित्रे पुष्कळ असत. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम इथल्या उत्खननांत अंडी, मासे, अंजिरे, पाण्याने भरलेले काचेचे भांडे अशी चित्रे सापडली आहेत. त्यांना झेनिया म्हणत. हे नाव कुठून आले ते वास्तुशास्त्रकार विट्रुव्हिअस सांगतो. श्रीमंत ग्रीक यजमान पाहुण्याला पहिल्या दिवशी आपल्या पंक्तीला बोलावी आणि दुसऱ्या दिवसापासून कोंबडी, अंडी, भाजी, फळे असे जिन्नस त्याच्याकडे पाठवून देई. त्या जिन्नसांच्या चित्रांना पाहुण्याला पाठवलेल्या भेटीचे नाव पडले. मराठी वाचकाला हा रिवाज समजावून सांगावा लागत नाही. त्याला आपल्याकडे शिधा म्हणतात. स्थिरचित्राच्या एका जुन्या नावाच्या मुळाशी शिधा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जिन्नस मांडलेले आहेत, देणारा दिसत नाही, घेणारा अजून यायचा आहे.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार युरोपात पुन्हा स्वतंत्रपणे उभा राहिला. स्पेनमध्ये हुआन सांचेझ कोतान याने १६०२च्या सुमारास खिडकीच्या काळ्याभोर चौकटीत एक बिही आणि एक कोबी दोरीने टांगून, खाली कापलेले खरबूज आणि काकडी ठेवून चित्र रंगवले. लवकरच तो कठोर व्रतांच्या कार्थुसियन पंथाच्या मठात दाखल झाला. हॉलंडमध्ये पीटर क्लास याने अर्धवट सोललेले लिंबू, लवंडलेला पेला, कवटी, घड्याळ मांडून आयुष्याची क्षणभंगुरता सुचवली. विलेम काल्फ याने चिनी मातीचे वाडगे, शंखांचे चांदीने मढवलेले चषक आणि पूर्वेकडचे गालिचे रंगवून व्यापारी आम्स्टरडॅमचे वैभव मांडले. एकाच्या वस्तू उपदेश करत होत्या, दुसऱ्याच्या वस्तू ऐश्वर्य सांगत होत्या. शार्दांचे वेगळेपण इथेच सुरू होते. त्याच्या वस्तू या दोहोंपैकी काहीच करत नाहीत.

पाकट

शार्दां पॅरिसचाच. त्याचे वडील सुतारकामातले कुशल कारागीर होते आणि बिलियर्डची टेबले बनवत. घरात हत्यारे, लाकूड, मोजमाप यांचा वावर. त्याचे शिक्षण काही नामांकित इतिहास-चित्रकारांकडे झाले, पण त्या शिक्षणाचा मुख्य भाग म्हणजे दुसऱ्यांच्या चित्रांवरून नकला करणे. त्याचा मित्र आणि चरित्रकार कोशां याने त्याच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या टिपणात एका सशाची हकीकत आहे. कुणीतरी शार्दांला मेलेला ससा आणून दिला आणि तो रंगवायचे त्याच्या मनात आले. केस न् केस काढत बसलो तर चित्र कोरडे होईल, हे त्याला उमगले. तेव्हा आजवर पाहिलेले सगळे, दुसऱ्यांनी हीच वस्तू कशी रंगवली तेसुद्धा, विसरून जायचे आणि ससा इतका दूर ठेवायचा की बारकावे दिसेनासे होतील, असे त्याने ठरवले. मग उरतो तो वस्तूचा पिंड, तिची गोलाई, तिच्यावरचा उजेड आणि सावली. पुढच्या सगळ्या कामाची रीत या सशापासून लागली, असे कोशांचे म्हणणे.

अकादमीपुढे १७२८ साली ठेवलेल्या चित्रांपैकी एक होते पाकटाचे. आपल्या किनाऱ्यावर हा मासा ओळखीचा आहे : चपटा, रुंद, पतंगासारखा. दगडी भिंतीवर लोखंडी आकड्याला तो टांगलेला आहे. पोट फाडलेले, आतला लालजर्द भाग उघडा. डावीकडे उघडलेल्या कालवांवर एक मांजर पाठीची कमान करून उभे. उजवीकडे मातीचे भांडे, झारा, कढई, काळी बाटली, आणि ओट्याच्या कडेबाहेर मूठ आलेली सुरी. माशाच्या खालच्या बाजूला जे डोळे वाटतात त्या त्याच्या नाकपुड्या आहेत. खरे डोळे पलीकडच्या बाजूला असतात. हे ठाऊक असूनही पाहणाऱ्याला तो चेहराच वाटतो, आणि तो चेहरा हसतो आहे की विव्हळतो आहे हे सांगता येत नाही.

कोशांनेच सांगितलेला किस्सा असा. त्या दिवशी शार्दांने आपली चित्रे बाहेरच्या दालनात, जणू सहज ठेवल्यासारखी मांडली आणि तो बाजूला थांबला. वृद्ध आणि मातब्बर चित्रकार लार्जिलिएर तिथून जाताना थबकला. ही कुणा चांगल्या फ्लेमिश चित्रकाराची कामे असावीत, असे म्हणून तो त्यांची वाखाणणी करू लागला. मग त्याला कर्ता दाखवण्यात आला. पाकट आणि त्याच्या जोडीचे फराळाच्या मेजाचे चित्र ही दोन्ही अकादमीने ठेवून घेतली. आज ती लूव्रमध्ये आहेत.

घरातलीच भांडी

यानंतर शार्दांने जे रंगवले ते बहुतेक त्याच्या हाताशी असलेले. तांब्याचे पातेले, खलबत्ता, मातीचा टोप, चांदीचा एक पेला, तिवईवर ठेवलेली नळाची तांब्याची टाकी. तीच भांडी चित्रामागून चित्रात येतात. कधी पातेले आडवे, कधी उभे, कधी शेजारी कांदे, कधी अंडी. त्याची पहिली पत्नी मार्गरित १७३५ साली वारली. १७३७ साली घरातल्या वस्तूंची जी कायदेशीर यादी झाली, तीत तांब्याच्या त्या टाकीसारख्या वस्तूंची नोंद आढळते. ती टाकी शोभेची नव्हती. पॅरिसमध्ये घरोघर नळ नव्हते. पाणी वाहून आणून अशा टाकीत साठवावे लागे. चित्रात टाकीच्या पुढ्यात बादली आहे, बाजूला पाणी घ्यायचे भांडे आहे. दोन्ही भांडी कुणीतरी रोज उचलत होते. त्या हातांची आठवण तांब्याच्या झिजलेल्या कडेवर राहिली आहे.

त्याचे काम फार सावकाश चाले. समोर वस्तू असल्याशिवाय त्याला रंगवता येत नसे, असे समकालीनांनी लिहिले आहे. वस्तू मांडायची, बघायची, पुन्हा मांडायची. मासे आणि शिकार नासून जात, फळे सुकत. पातेले मात्र थांबे. भांड्यांशी त्याचे इतके जुळले याचे हे एक अगदी व्यवहारी कारण असू शकते.

या पायरीवर पैसा बेताचाच मिळे. त्याबद्दल कलासंग्राहक मारिएतने एक गोष्ट नोंदवली आहे. व्यक्तिचित्रे काढणारा आव्हेद हा शार्दांचा मित्र. एका चित्रासाठी मिळत असलेले चारशे फ्रँक त्याने कमी म्हणून नाकारले. चारशे म्हणजे काही थोडे नव्हेत, असे शार्दां म्हणाला. त्यावर आव्हेदने टोला दिला, की व्यक्तिचित्र काढणे सॉसेज रंगवण्याइतके सोपे असते तर गोष्ट खरी होती. हे शार्दांला लागले आणि तो माणसांच्या चित्रांकडे वळला, असे मारिएत म्हणतो. वळला हे खरे. भांडी घासणारी मोलकरीण, बाजारातून पाव घेऊन आलेली बाई, जेवणाआधी मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणारी आई, पत्त्यांचा बंगला करणारा मुलगा, अशी चित्रे त्याने १७३३ नंतर सुमारे पंधरा-वीस वर्षे काढली. प्रार्थनेचे चित्र १७४० साली राजाला नजर केले गेले. त्यांवरून निघालेल्या छापांनी त्याचे नाव घरोघर पोहोचले. तरी या चित्रांत एक गोष्ट ध्यानात येते. यातली माणसेही वस्तूंसारखीच स्वतःत बुडालेली आहेत. प्रेक्षकाकडे कुणी पाहत नाही.

आणि मग, पन्नाशीच्या आसपास, प्रसिद्धी मिळालेली असताना, तो पुन्हा पातेल्यांकडे आणि फळांकडे परत आला.

दिदरोची अडचण

विश्वकोशकार दनी दिदरो हा शार्दांचा सर्वांत मोठा साक्षीदार. लूव्रमध्ये दर दोन वर्षांनी अकादमीचे प्रदर्शन भरे. १७५९पासून दिदरो त्याचे वृत्तान्त लिहू लागला. ते छापले जात नसत. परदेशातल्या मोजक्या राजेरजवाड्यांकडे जाणाऱ्या एका हस्तलिखित पत्रिकेसाठी ते असत. वाचणाऱ्यांसमोर चित्र नसे, म्हणून दिदरोला ते शब्दांनी उभे करावे लागे. इतिहासचित्रात हे सोपे असते : कोण रडते आहे, कुणी खंजीर उपसला आहे, ते सांगितले की झाले. ऑलिव्हच्या बरणीचे काय सांगायचे?

१७६३च्या प्रदर्शनात ही बरणी होती. शेजारी बिस्किटे, एक कडू संत्रे, वाइनचे दोन पेले, चिनी मातीचे झाकणाचे भांडे. दिदरोने काय केले? त्याने वस्तूंची नावे घेतली आणि प्रत्येकीपुढे एक क्रियापद लिहिले. बिस्किट उचलून खावे, संत्रे कापून पिळावे, पेला उचलून प्यावा, फळे सोलावीत. मग तो रंगाच्या थरांकडे वळला. एकावर एक चढवलेले थर, त्यांतला परिणाम आतून वर झिरपल्यासारखा. जवळ जावे तर सगळे विस्कटून सपाट होऊन नाहीसे होते. मागे सरकावे तर पुन्हा जुळून येते. ही जादू आहे आणि ती आपल्याला उलगडत नाही, असे त्याने मोकळेपणाने लिहिले. एरवी पानेच्या पाने लिहिणाऱ्या माणसाचा हा कबुलीजबाब आहे.

तरी हाच दिदरो शिडी मानणारा होता. १७६५च्या वृत्तान्तात तो म्हणतो, की हा चित्रप्रकार म्हाताऱ्यांचा किंवा जन्मतःच म्हातारे असलेल्यांचा. याला अभ्यास आणि चिकाटी पुरते. प्रतिभेची झेप, काव्य, यांचे काम नाही. दोन्ही मते एकाच माणसाची, दोन वर्षांच्या अंतरातली. डोळ्यांनी एक सांगितले, शिकवणुकीने दुसरे. दिदरो दांभिक नव्हता. आपल्याला जे आवडते त्याला मोठे म्हणायला लागणारे शब्द त्याच्या काळाच्या कोशात नव्हते, आणि कोश तर त्यानेच रचायला घेतला होता.

फ्रेंचमध्ये या प्रकाराला पुढे जे नाव रूढ झाले त्याचा शब्दशः अर्थ मृत निसर्ग असा आहे. डच शब्दाचा अर्थ निश्चल जीवन असा होतो, इंग्रजी नाव त्यावरूनच आले. मराठीत जीवन आणि मृत्यू दोन्ही बाजूला ठेवून आपण नुसते स्थिरचित्र म्हणतो. शार्दांपुरते बोलायचे तर हे नाव त्याला नेमके बसते.

बाप आणि मुलगा

आता या गोष्टीतला सर्वांत कडू भाग. शिडीवर विश्वास ठेवणाऱ्यांत स्वतः शार्दांही होता.

पहिल्या पत्नीपासून झालेला त्याचा मुलगा झाँ-पिएर. याला त्याने भांडी आणि फळे रंगवायला शिकवले नाही. इतिहास-चित्रकार व्हायला घातले. मुलाने १७५४ साली अकादमीचा मानाचा पुरस्कार जिंकला. रोमला जाऊन शिकण्याचा मार्ग त्यामुळे खुला होई. बापाला जिथे जाता आले नव्हते तिथे मुलगा जाणार होता. पण त्याच्या हातून नाव घेण्यासारखे काही झाले नाही. बापाच्या हयातीतच तो गेला.

याच काळात शार्दांची संस्थेतली जागा विलक्षण होती. १७५५मध्ये तो अकादमीचा कोषाध्यक्ष झाला. प्रदर्शनातली चित्रे भिंतीवर लावण्याचे कामही त्याच्याकडे आले आणि ते त्याने जवळजवळ वीस वर्षे सांभाळले. १७५७मध्ये राजाने त्याला लूव्रमध्ये राहायला जागा दिली. म्हणजे शेवटच्या पायरीवरचा माणूस वरच्या पायऱ्यांवरच्या सगळ्यांची चित्रे टांगत होता, कुणाला कुठे उजेड मिळेल ते ठरवत होता, आणि रोज त्यांच्या यशापयशाला सामोरा जात होता.

१७६५च्या वृत्तान्ताच्या आरंभी दिदरोने शार्दांचे बोलणे नोंदवले आहे. ते चित्रांविषयी नाही, चित्रकारांविषयी आहे. तो टीकाकारांना सबुरीची विनंती करतो. इथले सर्वांत वाईट चित्र शोधा, आणि एवढे वाईटसुद्धा आपल्याला जमणार नाही म्हणून कुंचला मोडून टाकणारे किती अभागी मागे राहिले असतील याचा विचार करा, असा त्याचा सूर आहे. सातव्या-आठव्या वर्षी मुलाच्या हातात पेन्सिल देतात. तो नमुन्यांवरून डोळे, नाक, कान गिरवतो, मग हातपाय. वर्षानुवर्षे पुतळ्यांपुढे पाठ वाकवून बसतो. रात्रंदिवस अशी घालवल्यावर त्याला जिवंत माणसापुढे बसवतात, आणि तेव्हा कळते की पाहायला तो शिकलेलाच नाही. विशीत आल्यावर जमत नाही असे ध्यानात आले तर दुसरे काही येत नसते. सैन्यात जायचे, नाटकात जायचे, की उपाशी मरायचे? आणि या बोलण्याच्या ओघात तो आपल्या मुलाचे नाव घेतो : कलेची अवघड जागा ज्याला कळलीच नाही त्याच्या हातून चांगले काही होत नाही, आणि माझ्या मुलासारखी ज्याला ती फार लवकर कळली त्याच्या हातून काहीच होत नाही.

शार्दांच्या चित्रांतल्या शांततेबद्दल बोलताना हे बोलणे विसरता येत नाही. ती शांतता स्वस्थ माणसाची करमणूक नव्हती. पत्नी गेली, मुलगा मोठ्या शिडीवर चढताना कोसळला. १७६१च्या सुमारास रंगवलेले त्याचे एक लहानसे चित्र आज अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे. पाण्याने भरलेला पेला, काळसर कॉफीचे भांडे, शेजारी लसणाचे गड्डे. बस्स. पेल्याच्या काचेतून मागची भिंत दिसते, पाण्याच्या पातळीपाशी उजेड किंचित वाकतो. यात कॉफीसुद्धा आहे, आणि त्या काळची फ्रान्सची कॉफी पुष्कळशी कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमांतून येत होती. चित्र ते सांगत नाही. ते उपदेशही करत नाही आणि मिरवतही नाही. वस्तू जिथे आहेत तिथे आहेत, आणि त्यांच्याकडे इतका वेळ पाहिले गेले आहे की आपल्यालाही घाई करवत नाही.

विस्मरण आणि परत येणे

म्हातारपणी शार्दांची दृष्टी अधू झाली. तैलरंगांचा त्रास होऊ लागला म्हणून सत्तरी ओलांडल्यावर तो पेस्टल खडूंकडे वळला. १७७१ आणि १७७५ची त्याची आत्मचित्रे लूव्रमध्ये आहेत : डोक्याला गुंडाळलेले फडके, नाकावर चश्मा, दुसऱ्यात कपाळावर हिरवी झापड. स्वतःकडेही त्याने पातेल्याकडे पाहावे तसेच पाहिले आहे. ६ डिसेंबर १७७९ रोजी तो वारला. दहा वर्षांत क्रांती आली. वीरश्रीच्या आणि त्यागाच्या भव्य चित्रांचे दिवस आले, आणि लसणाच्या गड्ड्यांकडे पाहायला कुणाला सवड उरली नाही.

त्याला परत आणले ते अकादमीबाहेरच्यांनी. लुई ला काझ नावाच्या पॅरिसच्या एका डॉक्टरने अशी विसरलेली चित्रे वर्षानुवर्षे जमवली आणि १८६९ साली मृत्यूसमयी शेकडो चित्रांचा संग्रह लूव्रला दिला. त्यात शार्दां होता. गाँकूर बंधूंनी त्याच्यावर लिहिले. तरुण मातीस लूव्रमध्ये बसून पाकटाची नक्कल करत राहिला. सेझानने १९०४ साली एका तरुण चित्रकाराला लिहिलेल्या पत्रात झापड लावलेल्या शार्दांच्या आत्मचित्राचा उल्लेख केला. चोविशीतल्या मार्सेल प्रूस्तने १८९५ साली त्याच्यावर एक लेख लिहिला. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. घरातल्या उरल्यासुरल्या जेवणाचा आणि सामान्य भांड्यांचा वीट आलेल्या एका तरुणाला प्रूस्त त्यात लूव्रमधल्या शार्दांपुढे नेऊन उभा करतो, म्हणजे परतल्यावर त्याला आपलेच घर पाहावेसे वाटेल.

विसाव्या शतकात बोलोन्यामध्ये जॉर्जो मोरांदी याने तीन अविवाहित बहिणींसह एकाच घरात राहून जन्मभर बाटल्या, डबे आणि सुरया रंगवल्या. शार्दां त्याला प्रिय होता. १९४८च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत मोरांदीला चित्रकलेचा पुरस्कार मिळाला, तेव्हा शिडी मोडून बरीच वर्षे झाली होती.

युरोपातून ही शिडी जहाजाने आपल्याकडेही आली होती. १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये इंग्लंडमधल्या कलाशिक्षणाचे वळण आले, आणि त्यात समोर मांडलेल्या वस्तू रेखाटणे ही शिकण्याची सुरुवातीची पायरी होती. तिचीच एक शाखा महाराष्ट्रातल्या लाखो घरांत पोहोचली. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र : एक घडा, एक-दोन फळे, मागे चुण्या पाडलेला कापड, आणि घड्याळाकडे लक्ष. आपल्यापैकी अनेकांची या प्रकाराशी ओळख एवढीच, गुण मिळवून मागे टाकण्याचा पेपर म्हणून. तो पेपर वाईट नाही. पण त्यात घडा ही पुढे जाण्यासाठी ओलांडायची गोष्ट असते. शार्दांने ती ओलांडली नाही, आणि एकदा दूर गेल्यावर तिच्यापाशी परत आला.

अलीकडची एक घटना सांगून हा लेख संपवतो. १७६१च्या प्रदर्शनात शार्दांचे रानस्ट्रॉबेरीचे चित्र होते. वेताच्या टोपलीत लालभडक स्ट्रॉबेरींची रास, शेजारी पाण्याचा पेला, दोन पांढरी फुले, एक पीच, दोन चेरी. मार्च २०२२मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला २ कोटी ४४ लाख युरो किंमत आली. ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून फ्रान्सने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवले आणि लूव्रने ते घ्यायचे ठरवले. मोठा वाटा एका बड्या उद्योगसमूहाने उचलला. उरलेल्यासाठी लोकांना आवाहन केले गेले. सुमारे दहा हजार जणांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले आणि २०२४मध्ये टोपली लूव्रची झाली. तिच्यात राजा नाही, युद्ध नाही, संत नाही. ज्या वास्तूत शार्दां वीस वर्षे दुसऱ्यांची चित्रे टांगत होता, तिथेच आता लोक त्या टोपलीपुढे उभे राहतात.